गेलेल्या माणसाच्या वस्तू: काय आधी, काय नंतर, कुणाला विचारून?

पाऊलवाट

नवरा जाऊन वर्ष उलटलं. त्याच्या वस्तू अजून जिथल्या तिथे आहेत. भेटायला येणारं प्रत्येक माणूस कपाटाकडे एक नजर टाकतं आणि निघताना आडून आडून सुचवतं, "आता आवरून टाक, मन मोकळं होईल." सासूबाईंचं याच्या बरोब्बर उलट. त्याची चप्पलसुद्धा हललेली त्यांना चालत नाही. मी मधल्या मधे. दोघांचंही पटतं आणि दोघांचंही सोसत नाही.

नेमकं काय अडतंय ते लिहिते. महागाच्या वस्तूंचं काही वाटलं नाही. घड्याळ मुलाने घेतलं, लॅपटॉप मुलगी वापरते. अडतंय ते बारीकसारीक गोष्टींपाशी. त्याची हत्यारांची पेटी आहे. स्क्रू, वॉशर, मोडक्या वस्तूंमधून काढून ठेवलेल्या स्प्रिंगा, सगळं लहान लहान बरण्यांत. प्रत्येक बरणीवर चिकटपट्टी आणि त्यावर त्याच्या तिरक्या अक्षरात आत काय आहे ते. एका बरणीत कशाचा कशाला मेळ नाही, तिच्यावर नुसतं 'लागतील' असं लिहिलंय. ही बरणी कुणाला द्यायची? आणि ठेवायची तर कशासाठी?

मग कपडे. एक निळा शर्ट आहे, कॉलर डावीकडून विरलेली, कारण बॅग कायम त्याच खांद्याला. तो धुतलेला नाही. शिवाय पाकीट, फोन, चष्मे, अर्धवट राहिलेली औषधं.

ज्यांनी हे केलंय त्यांनी लिहा. 'काळ हेच औषध' हे ऐकून झालंय. मला प्रत्यक्षातलं हवंय.

कोरा_कागद

पाऊलवाट, आधी आई आणि पुढे मोठा भाऊ, दोघांचंही मीच आवरलं. त्यातून एक नियम हाती लागला. जे केल्यावर परत फिरवता येत नाही, ते सगळ्यात शेवटी. शर्ट धुणं, फोन फॉरमॅट करणं, कागद फाडणं, भंगारात घालणं, यांना माघार नाही. कपाटातून खोक्यात आणि खोक्यातून माळ्यावर, याला आहे. सुरुवातीच्या काळात फक्त दुसऱ्या प्रकारची कामं करावीत असं माझं ठाम मत आहे. लोक नेमकं उलट करतात. कपडे डोळ्यांसमोर असतात म्हणून पहिल्यांदा कपडेच घराबाहेर जातात.

याला अपवाद औषधांचा. ती आधी काढा. दुखण्यावरच्या जबर गोळ्या, झोपेच्या गोळ्या आणि फेंटानिलचे (फार जबर वेदनाशामकाचे, अंगाला चिकटवायचे) पॅच असतील तर आजच. वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, लहान मुलाच्या अंगाला चिकटला तर जिवावर बेतू शकतं. चिकट बाजू आत येईल असा दुमडा आणि औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात परत घ्यायची सोय कुठे आहे ते विचारून तिथेच नेऊन द्या. इन्सुलिनच्या सुया जाड प्लास्टिकच्या, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. स्पष्टच लिहितो, अशा घरात सगळ्यांची झोप उडालेली असते. तिथे दुसऱ्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या हाताशी असू नयेत.

कागदांचंही थोडं. मृत्यूचा दाखला, विमा, बँक, घर, कर, सगळं एका फायलीत, आणि फेकायची घाई करू नका. पाकिटातल्या पावत्या बघितल्यात का? त्या थर्मल कागदावर छापलेल्या असतात. त्यात शाई नसते, उष्णतेने कागदच काळा पडतो, म्हणून अक्षरं उडून जातात. एखादी जपायची असेल तर तिचा फोटो आताच काढा. आणि कुठलाही कोट, पिशवी किंवा पुस्तक उंबऱ्याबाहेर जाण्याआधी खिसे आणि पानं चाळा. भावाच्या शब्दकोशात आईने तो शाळेत असताना लिहिलेली चिठ्ठी मिळाली, चौपदरी घडी, घडीवर कागद झिरझिरीत झालेला. म्हणजे तो ती उघडून वाचत असणार, आणि हे आम्हां कुणालाच माहीत नव्हतं.

धूसर

'कुणाला विचारून' हा शीर्षकातला प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

माझे बाबा गेले तेव्हा घरच्या मोठ्या माणसांनी मी पोचायच्या आत सगळं आवरून टाकलं. 'तुला त्रास नको' म्हणून. हेतू चांगला होता, हे मला तेव्हाही कळत होतं. खोलीत गेले तर पलंगाची जागा बदललेली, कपाट रिकामं, आणि बाबा काठी जिथे टेकवून ठेवायचे तिथे भिंतीवर तेवढा काळपट डाग. काठी कुणाला दिली ते कुणालाच नीट सांगता येईना.

मला काठी ठेवून घ्यायची होती असंही नाही. मला ती द्यायची होती. कुणाला द्यायची हे मला ठरवायचं होतं, हातात धरून, त्यांचं नाव घेऊन. ते शेवटचं काम माझ्या वाट्याला यायला हवं होतं, ते दुसऱ्यांनी उरकलं. एवढी वर्षं झाली, अजून कुणाच्या हातात तसल्या मुठीची काठी दिसली की मी वळून बघते.

म्हणून इथे वाचणाऱ्या मदतनीस नातेवाइकांना हात जोडून सांगते. भांडी घासा, फोन घ्या, रांगेत उभे राहा, मुलांना सांभाळा. कपाटाला विचारल्याशिवाय हात लावू नका. आणि त्या पहिल्या दिवसांतलं 'हो, करा काय ते' हे उत्तर धरू नका. त्या अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो.

शेवंती

माझा अनुभव वेगळा आहे. तोही इथे असू द्या, नाहीतर ज्यांनी लगेच आवरलं त्यांना उगाच अपराधी वाटेल.

आईचं दुखणं खूप लांबलं. शेवटी शेवटी घरात रुग्णालयातला वर-खाली होणारा पलंग, हवेची गादी, ऑक्सिजनचं यंत्र, डायपरचे गठ्ठे, नळीने अन्न भरवण्याचं साहित्य. ती गेली त्याच आठवड्यात मी हे सगळं बाहेर काढलं. भाड्याचं होतं ते परत केलं, विकत घेतलेलं चालू स्थितीतलं सामान गरजू घरी दिलं. चाकाच्या खुर्चीसाठी तर लोक अक्षरशः वाट बघत असतात. त्या संध्याकाळी पहिल्यांदा मला आजारी पडण्याआधीची आई आठवली, खिडकीत बसून शिवणारी. तोवर डोळ्यांसमोर फक्त तो पलंग होता.

तेव्हा मी म्हणेन, दुखण्याच्या वस्तू आणि माणसाच्या वस्तू यांत फरक करा. दुखण्याच्या वस्तू लवकर गेल्या तर माणूस परत दिसायला लागतो. साड्या मात्र मी बराच काळ हलवल्या नाहीत. पुढे त्यातल्या जुन्या, मऊ झालेल्या साड्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या, सगळ्या भाचरांना एकेक. कापायच्या आधी प्रत्येक साडी उलगडून बघितली. आईने काठाला घातलेले टाके होते तो तुकडा प्रत्येक गोधडीत यायला हवा एवढीच शिवणाऱ्या बाईंना अट घातली.

मंद्र_सप्तक

मी शोकग्रस्त माणसांसोबत समुपदेशक म्हणून काम करते. 'सगळं काढून टाकल्याशिवाय पुढे जाता येत नाही' या समजुतीचं मूळ बरंच जुनं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

१९१७ साली सिग्मंड फ्रॉइड या मनोविश्लेषकाने शोकाबद्दल मांडलं ते साधारण असं: गेलेल्या व्यक्तीत गुंतलेलं मन एकेक आठवण घेऊन हळूहळू सोडवत न्यायचं, हेच शोकाचं काम. पुढे कित्येक दशकं उपचार करणारे हेच सांगत राहिले. पण खुद्द फ्रॉइडचं काय झालं बघा. १९२० साली त्याची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झाने गेली. १९३३ मध्ये हिल्डा डूलिटल ही कवयित्री त्याच्याकडे उपचारांसाठी जात होती. तिच्याशी बोलताना त्या साथीचा विषय निघाला तेव्हा त्याने घड्याळाच्या साखळीला अडकवलेलं एक छोटंसं लॉकेट दाखवलं आणि म्हणाला, ती इथे आहे. मुलगी जाऊन तेरा वर्षं झाली होती. मला हा प्रसंग त्याच्या सगळ्या सिद्धान्तांपेक्षा जवळचा वाटतो.

१९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन या शोकाच्या अभ्यासकांनी उघडपणे मांडलं की गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि बहुतेकांच्या बाबतीत हे निरोगीच असतं. एखादी वस्तू जवळ ठेवणं हा त्या नात्याचाच भाग. शोकाच्या 'पाच टप्प्यां'चा (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) दाखलाही बरेच जण देतात. एलिझाबेथ कुबलर-रॉस या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी १९६९ मध्ये ते मांडले ते मुख्यतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी ते वेळापत्रकासारखे पार पाडावेत, अशी त्यात काही सक्ती नाही.

पाऊलवाट, तुमच्या आणि सासूबाईंच्या ओढाताणीबद्दल. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं की शोकात माणूस दोन बाजूंमध्ये ये-जा करतो. कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, कधी समोरच्या आयुष्याकडे, आणि दोन्ही लागतं. आता एका घरात दोन माणसं शोकात असतील तर त्यांची ये-जा एका वेळी कशी होणार? तुम्ही खोकं उघडलंत त्या दिवशी त्यांना ते बंद हवं असतं. म्हणून वाद 'ठेवायचं की द्यायचं' यावर असतोच असं नाही, बऱ्याचदा तो 'आज की नंतर' यावर असतो. त्यांना विचारून बघा, कुठल्या वस्तूला हात लावू नये असं वाटतं? सगळ्याच, असं उत्तर आलं तरी हळूच पुढे विचारा, त्यातली पहिली कुठली?

आता काळजी कधी करायची? कपाट भरलेलं आहे यावरून मी कधीच काही ठरवत नाही. १९७२ साली वामिक वोल्कन या मनोविकारतज्ज्ञाने एका विशिष्ट प्रकारच्या वस्तूंबद्दल लिहिलं होतं: वापरवत नाही, टाकवत नाही, बघवतही नाही, पण ती नेमकी कुठे आहे हे सतत माहीत असावं लागतं. वस्तूभोवती अशी भीती साचली असेल तर कुणाशी तरी बोलावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणात, जे २०२२ पासून लागू झालं, दीर्घकाळ लांबलेल्या शोकाला वेगळं नाव आहे. तिथे किमान सहा महिन्यांचा काळ धरतात. अमेरिकेतल्या निकषांत मोठ्यांसाठी बारा महिने. पण नुसते महिने भरले म्हणजे आजार झाला असं नव्हे. ओढ इतकी तीव्र की उठणं, कामावर जाणं, मुलांकडे बघणं अशक्य व्हावं आणि त्यात उतार पडूच नये, तेव्हा उपचारांचा विचार करायचा. जगणं नकोसं झालं असेल तर मात्र कसलीच मुदत बघू नका, त्याच दिवशी मदत घ्या.

पाऊलवाट

मंद्र_सप्तक, 'आज की नंतर' हे वाचून थांबले. आमच्याकडे अगदी हेच चाललंय. सासूबाईंना अजून काही विचारलेलं नाही, विचारते.

धूसर, तुमचं वाचून मुलांना विचारायचं ठरवलं. त्यांनी घड्याळ आणि लॅपटॉप घेतला कारण मीच ते त्यांच्यापुढे ठेवलं होतं.

फोनचं काय करतात? दर महिन्याला रिचार्ज करतेय. लोक म्हणतात, कशाला?

अंजन

रिचार्ज करत राहा. फोनच्या बाबतीत सिम सगळ्यात शेवटी बंद करायचं. बँक, ईमेल, विमा, सगळीकडचे ओटीपी त्याच नंबरावर येतात. नंबर बंद पडला की काही काळाने कंपनी तो दुसऱ्या ग्राहकाला देते. मग कधीतरी सवयीने तुम्ही तो लावता आणि पलीकडून अनोळखी आवाज येतो. आणखी एक. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरलं नाही तर पुसलं जाऊ शकतं. म्हणून त्याच्या आवाजातले निरोप तुमच्या फोनवरच्या गप्पांमधून आधी बाहेर काढा. 'चॅट एक्स्पोर्ट' करताना 'मीडियासह' हा पर्याय निवडा, मग आलेल्या फायली उघडून आवाज खरंच ऐकू येतोय ना ते बघा. खूप जुन्या गप्पांत सगळं एका झटक्यात येत नाही, तेव्हा महत्त्वाचे निरोप एकेक करूनही जतन करा.

गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकतं, हे धोरण २०२३ मध्ये आलं. फोटो तिथे असतील तर हे लक्षात असू द्या. फेसबुकवर स्मृतिखातं करून घेता येतं. त्याने हयातीत वारस संपर्क (आपल्यामागे खातं सांभाळणारी व्यक्ती) नेमला असेल तर ती व्यक्ती मुखपृष्ठाचा फोटो वगैरे बदलू शकते, खाजगी निरोप मात्र वाचू शकत नाही. ॲपलने अशीच वारस नेमायची सोय २०२१ च्या शेवटी आणली. त्यात नेमलेल्या माणसाकडे एक प्रवेश-कळ असावी लागते, तिच्यासोबत मृत्यूचा दाखला द्यावा लागतो, आणि मंजुरीपासून तीन वर्षं माहिती बघता येते. माणूस गेल्यावर हे नेमता येत नाही. म्हणून वाचणाऱ्या प्रत्येकाने आज आपापल्या फोनवर ते करून ठेवावं अशी कळकळीची विनंती. गूगलवर त्याचं नाव 'इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर'.

फोन कुणाला वापरायला द्यायचा असेल तर फोटो, संपर्क, टिपणं, आवाज यांची नक्कल दोन ठिकाणी झाल्याशिवाय तो पुसू नका. टिपणांचं ॲप लोक हमखास विसरतात, आणि माणसाचा सगळ्यात खरा आवाज तिथेच असतो.

अबोल_पारवा

मी लहान असताना आई गेली. घरातल्या मोठ्यांनी ठरवलं की मुलाला काही दिसायला नको. मोठा झाल्यावर विचारलं तेव्हा एक फोटो आणि एक कंगवा एवढंच निघालं.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना विचारा. पण त्यांच्या निवडीवर थांबू नका. सात वर्षांचं मूल बाबांचा टॉर्च निवडतं, पुढे पंचविसाव्या वर्षी त्याला बाबांचं हस्ताक्षर हवं असतं, त्यांनी वापरलेलं पुस्तक हवं असतं, त्यांचा शर्ट आपल्याला होतो का ते बघायचं असतं. म्हणून प्रत्येक मुलाच्या नावाने एक खोकं तुम्ही स्वतः भरून ठेवा. कामाच्या वस्तू, लिहिलेलं काहीतरी, अंगावरचं काहीतरी. आणि प्रत्येक वस्तूसोबत कागदावर दोन ओळी, ही काय आहे, ते ती कधी वापरायचे. माझ्याकडचा कंगवा रोजचा होता की नुसता पडून असलेला, हे सांगायला आता कुणी उरलेलं नाही.

कोरा_कागद

अबोल_पारवा, तुमचा प्रतिसाद इथला सगळ्यात मोलाचा. मी भावाच्या मुलीसाठी हे करायला घेतलंय.

शिंपला

निळ्या शर्टाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

वास टिकत नाही. कितीही जपला तरी तो विरत जातो, कारण वास म्हणजे कपड्यातून उडून हवेत येणारे कणच. पण वेग कमी करता येतो. शर्ट पूर्ण कोरडा असल्याची खात्री करा, ओल राहिली तर बुरशी धरेल. मग घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत किंवा हवाबंद पिशवीत ठेवा, हवा जमेल तेवढी काढून, अंधाऱ्या थंड जागी. डांबराच्या गोळ्या, कापूर, अत्तर जवळपासही नको. दर वेळी उघडलं की थोडं जातंच. तरीही उघडा, असं मी म्हणेन. उघडायचंच नसेल तर जपायचं कशाला?

वासाचं एवढं का होतं याला शरीरातच कारण आहे. इतर संवेदना मेंदूच्या मधल्या एका केंद्रातून वळून पुढे जातात. वासाची वाट भावना आणि स्मृती यांच्या भागांपर्यंत बरीच थेट आहे. त्यामुळे काही कळायच्या आत रडू येतं. हे एकदा समजल्यावर मला माझ्या रडण्याची भीती वाटेनाशी झाली.

माझी मुलगी गेली. तिचा स्वेटर असाच ठेवलाय. तिची खोलीही तशीच आहे आणि तशीच राहणार. मी तिथे बसते, वाचते, कधी झोपते. कामावर जाते, हसते, लोकांत मिसळते. 'अजून खोली तशीच?' असं विचारणाऱ्यांना मी आता खुलासा देत नाही. ज्यांना खोली रिकामी करून बरं वाटलं त्यांचंही खरं आणि माझंही खरं. आई-वडील जाणं आणि लेकरू जाणं यांना एकच पट्टी लावू नका, एवढंच मागणं आहे.

पाऊलवाट

शिंपला, तुमच्यापुढे काय लिहू? तुमच्या मुलीचा स्वेटर जपण्याची रीत मला सांगितलीत, हे मी विसरणार नाही.

कासव

जुन्या कागद-फोटोंच्या जतनाचं काम करतो, तेव्हा माझ्याकडून थोडं. लॅमिनेशन करू नका. पत्र, प्रमाणपत्र, चिठ्ठी, काहीच नाही. ते उलटवता येत नाही आणि आतला कागद पुढे खराब होतो. साधी चिकटपट्टी पिवळी पडते, तिचा गोंद कागदात मुरतो, फाटलेलं पत्र तिने जोडू नका. फोटोंच्या मागे बॉलपेनने दाबून लिहू नका, मऊ पेन्सिलीने कडेला हलकं लिहा. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, आधी पान आहे तसं स्कॅन करा. रंगीत फोटो उजेडात उडतात, म्हणून भिंतीवर प्रत लावा, मूळ आत ठेवा. आवाजाच्या कॅसेट असतील तर त्या सगळ्यांच्या आधी हाती घ्या. चुंबकीय फीत खराब होतेच आणि त्या वाजवणारी यंत्रंही आता सहज मिळत नाहीत.

वस्तूंचे फोटो काढून त्या देऊन टाकण्याबद्दल. २०१७ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांना आठवणीच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा असं सुचवलं, तेव्हा त्यांनी नुसत्या आवाहनापेक्षा जास्त वस्तू दान केल्या. उपाय चांगला आहे. पण ते विद्यार्थी स्वतःच्याच वस्तू देत होते. गेलेल्या माणसाच्या वस्तूंना तो जसाच्या तसा लावू नका. कपबशीचा फोटो पुरतो. हाताने झिजलेल्या पान्याचा पुरेलच असं नाही, कारण त्याची झीज बोटांना कळते.

शेवंती

कासव यांच्या शेवटच्या ओळीला जोडून. माझ्या दृष्टीने ठेवायच्या वस्तूची खूण हीच की ती हातात घेतल्यावर तिच्यावरून त्या माणसाचा हात कळतो. पाऊलवाट, ती 'लागतील' लिहिलेली बरणी याच हिशेबाने ठेवा. कारण शोधत बसू नका. आणि पेटी बंद करून ठेवू नका, मुलांना वापरू द्या.

देण्याच्या वस्तूंबद्दल मला एवढंच कळलं की त्या माणूस बघून द्याव्यात, आणि देताना घेणाऱ्यावर ओझं टाकू नये. 'हे जपून ठेवा हं' असं म्हटलं की त्या बिचाऱ्याला तो कोट घालताही येत नाही. देऊन टाकलं की ते त्याचं. रस्त्यात दुसऱ्याच्या अंगावर दिसलं तर काय वाटेल याचा आधीच विचार करा. ज्यांना ते सोसणार नाही त्यांनी ओळखीपासून लांब द्यावं.

पहिला_थांबा

नमस्कार. आजवर नुसतं वाचत होतो, हा पहिलाच प्रतिसाद. माझे काका नुकतेच गेले. एकटे राहायचे, भाड्याच्या घरात. घरमालकांना महिनाअखेर घर रिकामं हवं आहे. इथलं 'घाई करू नका' हे सगळं पटतं, पण मला घाई करावीच लागणार आहे. मी दुसऱ्या गावी असतो आणि घर पुस्तकांनी, कागदांनी भरलेलं आहे. दोन चुलतबहिणी आहेत, त्यांनाही विचारायचंय. कुठून सुरुवात करू?

धूसर

आधी मनापासून वाईट वाटलं. कशालाही हात लावण्याआधी फोनवर संपूर्ण घराचा व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, प्रत्येक कपाट उघडून, टेबलावरचं सगळं आहे तसं, सावकाश. घर एकदा हललं की ती मांडणी परत बघायला मिळत नाही. तोच व्हिडिओ बहिणींना पाठवा आणि ठरावीक दिवसापर्यंत काय हवं ते कळवायला सांगा. दोघींना एकच वस्तू हवी असेल तर आळीपाळीने एकेक निवडू द्या, पहिली पाळी चिठ्ठीने. किमतीवरून वाटण्या करायला गेलात तर भांडणं होतात.

कोरा_कागद

वेळ कमी असेल तर निवड करायचीच नाही, फक्त बांधायचं. औषधं आणि नाशवंत वस्तू काढल्या की बाकी सरळ खोक्यांत. खोक्यावर 'पुस्तकं' असं लिहू नका, 'पलंगाशेजारचं शेल्फ, वरून दुसरा कप्पा' असं लिहा. माणसाच्या उशाशी काय होतं आणि माळ्यावर काय होतं, हे पुढे फार उपयोगी पडतं. कागद एकही बघत बसू नका, तिथेच दिवस संपतो. सगळे एकत्र, सोबत न्यायच्या खोक्यात. बाकीच्यांसाठी कुणाची रिकामी खोली मिळते का बघा, नाहीतर थोड्या महिन्यांसाठी जागा भाड्याने घ्या. फर्निचरचा मोह सोडा, ते जागा खातं. घरमालकांना लेखी विचारून आठवडाभर वाढवून मागा, बरेच जण देतात. आणि टपालाचा पत्ता बदलायला विसरू नका, बँकेची आणि विम्याची पत्रं जुन्या पत्त्यावर येत राहतात.

अंजन

त्यांच्या संगणकाला आणि राऊटरला शेवटपर्यंत हात लावू नका, इंटरनेटचं बिल चालू राहू द्या. संगणक उघडा असेल तर बंद करण्याआधी पासवर्ड कुणाला माहीत आहे का ते विचारा. टेबलाच्या खणात, डायरीच्या शेवटच्या पानावर, कीबोर्डखाली बघा.

पाऊलवाट

पहिला_थांबा, एकट्याने जाऊ नका. त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकताना कुणीतरी सोबत असू द्या, मग भले तो माणूस दारात नुसता उभा राहो. कुठल्या गावी जायचंय ते मला निरोपातून कळवा. इथले बरेच जण वेगवेगळ्या ठिकाणी आहेत, खोकी बांधायला दोन-तीन माणसं मिळतील. शनिवार-रविवार जमणार असेल तर मीही येते.